शेवळांची कृती चुकली

संपादक महोदय,

कालच्या अंकात रानभाज्या प्रदर्शनाच्या बातमीशेजारी चौकटीत शेवळांच्या भाजीची कृती आली आहे. तिच्यात काकडं, म्हणजे काकड या रानझाडाची आंबट फळं, नाहीत! ही चूक किरकोळ समजू नये. शेवळं सुरणाच्या जातीची, त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसती परतून खाल्ली तर जीभ आणि घसा नको इतका खाजतो. हाताला आधी तेल लावावे, वरचे तपकिरी आवरण सोलावे, आतल्या दांड्याच्या बुडाचा दाणेदार भाग काढून टाकावा. उरलेले बारीक चिरून तेलावर भरपूर परतावे आणि दोन जुड्यांना दहा-बारा काकडं ठेचून त्यांचा रस घालून शिजवावे. काकडं नसतील तर चिंच घाला, पण आंबट हवेच. शेवळांबरोबर काकडंही विकायला असतात ती याचसाठी. स्टॉलवर बसलेल्या बायांना विचारले असते तर कृती बरोबर आली असती.

त्यांच्या घरी काय शिजते, हेही विचारायला हवे होते. बातमीत या भाज्यांना ‘निसर्गाचा मेवा’ म्हटले आहे. पाड्यावर पावसाळ्यात कणगीतले भात-नागली सरत आलेले असते, तेव्हा याच भाज्यांवर भागवावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार ‘प्राधान्य’ गटातल्या रेशनकार्डाच्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. लावणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला ते पुरत नाही आणि त्यात डाळ-तेल नाही. प्रदर्शनात भाजीच्या टोपलीशेजारी एवढे तांदूळ एका वाटीत मांडून ठेवावेत. बघणाऱ्याला आपल्या ताटाशी तुलना करता येईल.

गरिबाच्या अन्नाचे कौतुक होते, पण त्याच्या हाती काय पडते हे कोणी विचारत नाही; बाहेरच्या देशांतही असेच घडले आहे. २०१३ हे क्विनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातले हे धान्य परदेशी ताटांत गेले, भाव चढले, पेरा वाढला आणि दोनेक वर्षांत भाव कोसळले. २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर नागलीच्या प्रत्येक स्टॉलवर शेतकऱ्याच्या हाती किलोमागे किती पडले, हा आकडा लिहिलेला हवा.

आणखी एक. तुमच्या छायाचित्रातली फोडशीची पालेभाजी मुळांसकट उपटलेली आहे. पाती कापून मुळे जमिनीत राहू दिली तरच ती पुढच्या पावसात फुटते. अशा जुडीचे छायाचित्र कौतुकाने छापू नये.

– एक वाचक, जव्हार