पोर्ट ऑफ स्पेनमधील पायी खाद्यफेरीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या पुणे कार्यालयामार्फत आम्ही पती-पत्नींनी त्रिनिदादची सहल केली. तिथली राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या पायी खाद्यफेरीचे पैसे वेगळे भरले होते. १८४५ साली ‘फतेल रझाक’ जहाजातून तिथे उतरलेल्या भारतीय मजुरांच्या खाण्याचं आपल्या माहितीपत्रकात भरभरून कौतुक आहे. सकाळी गाडीवरचे डबल्स (दोन मऊ पुऱ्यांमध्ये चणे), मग शार्लट स्ट्रीटचा बाजार, शेवटी सवाना मैदानाकडेला शहाळं, असा बेत होता. आम्ही शाकाहारी असल्याचं अर्जात लिहिलं, ईमेलनेही कळवलं. ‘नोंद घेतली आहे’ या आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

आम्हाला न्यायला गाडी आली तीच साडेदहाला. आम्ही पोहोचलो तेव्हा डबल्सवाला रिकामी भांडी आवरत होता. डबल्सचे हळदीचे मऊ बारे (तळलेल्या पुऱ्या), त्यावर रसदार चणे, चिंचेची चटणी, कैरीचा कुचेला (तिखट लोणचं) हे सगळं आम्ही फक्त माहितीपत्रकातल्या फोटोत पाहिलं.

बाजार गाळून आम्हाला थेट एका एसी हॉटेलात बसवलं. पायी चाललो ते पार्किंगपासून दारापर्यंत! तिथे कॅलालू वाढलं. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध; दिसायला थेट आपलं अळूचं फदफदं. हिने आवडीने खायला घेतलं आणि चमच्यात खेकड्याची नांगी आली. कॅलालूत खेकडा किंवा खारवलेलं मांस घालायची तिकडे रीतच आहे, स्वयंपाक्याचा काही दोष नाही. गाइडबाईंनी आपण पाठवलेली यादी दाखवली. आमच्या नावापुढचा आहाराचा रकाना कोरा होता. त्या बिचाऱ्या ओशाळल्या, पदरमोड करून आमच्यासाठी थोडी फुलोरी (डाळीच्या पिठाची भजी) घेऊन आल्या. त्यांच्यावर कृपया ठपका ठेवू नये.

चीड याची येते, की डबल्स, फुलोरी, आलू पाय (बटाटा भरलेली तळलेली पोळी), दालपुरी असं सगळं रस्त्यावर मिळणाऱ्या शहरातून आम्ही अर्धपोटी परतलो.

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, “स्थानिक भागीदाराशी बोला.” पैसे आपण घेतले, पावती आपली, भागीदाराशी आपणच बोलावं. खाद्यफेरीची पूर्ण रक्कम १५ दिवसांत खात्यात जमा करावी आणि रकाना कोरा कसा राहिला याचा लेखी खुलासा द्यावा. पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन नको. मुदतीत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: पावती, ईमेलची प्रत, माहितीपत्रक