बारपाशी जाऊन सांगायचं

मेलबर्न, रविवार रात्र

बाळ्या लेका,

'नुसते फोटो पाठवू नकोस, जरा लिही' असं तूच म्हणालास, तेव्हा आता वाच. आठवडा झाला इथे. काय काय पाहिलं म्हणशील तर खाल्लं, चाललो, परत खाल्लं.

पहिल्या संध्याकाळची फजिती आधी सांगतो, नाहीतर शुभा मीठमसाला लावून सांगेल. कार्लटनमध्ये उतरलोय, गल्लीच्या कोपऱ्यावरच जुना पब आहे. खिडकीजवळचं टेबल धरून बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली, कुणी ढुंकून बघेना. मी मनातल्या मनात वर्णद्वेषावर कडक भाषण तयार केलं. शेवटी शेजारच्या आजीबाई बोलल्या. समोर बिअर, हातात शब्दकोडं, पायाशी कुत्रा. म्हणाल्या, टेबलाचा नंबर बघायचा, बारपाशी जाऊन सांगायचं, पैसे तिथेच भरायचे, ताट इथे येतं. भाषण गिळलं आणि उठलो.

बिअर मागायचीही परीक्षाच. पॉट म्हणजे 285 मिलिलिटर, पाइंट म्हणजे 570. मी ऐटीत पाइंट मागितला आणि तो संपता संपेना. खायला पार्मा. थाळीएवढं चिकनचं कटलेट, वर टोमॅटो सॉस, हॅम आणि वितळलेलं चीज, बाजूला चिप्सचा ढीग. सिडनीकडे त्यालाच 'पार्मी' म्हणतात, पण ते इथे बोलायचं नाही. शुभाला वांग्याचा पार्मा मिळाला. यापेक्षा आपलं भरीत बरं म्हणाली, पण ताट चाटूनपुसून साफ.

मला खरी गंमत वाटली ती त्या मोकळ्या खिडक्यांची. आपली परमिट रूम आठव. काळ्या काचा, पिवळा मिणमिणता दिवा, बाहेर पडताना इकडेतिकडे बघणं. इथे पाळण्यातलं पोर, आजोबा, सून सगळे एका टेबलावर. पण यांचंही कायम असं नव्हतं. 1916 पासून 1966 पर्यंत इथले पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. पाचला काम सुटणार, मग तासाभरात जेवढी ढोसता येईल तेवढी ढोसायची! आमच्या कोपऱ्यावरच्या पबाच्या भिंतींना कमरेच्या वरपर्यंत टाइल्स आहेत. मला वाटलं हौस. बारवाला म्हणाला, सहानंतर पाइप लावून धुवायला सोपं जायचं. तेव्हापासून मी भिंतीला टेकलेलो नाही.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोरच्या पबात क्लोई नावाच्या तरुणीचं 1875 सालचं फ्रेंच चित्र आहे, अंगावर चिंधी नाही. मी कलेच्या दृष्टीने बघत होतो. शुभाने घड्याळ बघितलं.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला सोमवारी गेलो, तर बंद. सोमवारी आणि बुधवारी सुट्टी असते हे कोण बघतंय? मंगळवारी परत गेलो ते जॅम डोनटसाठी. गाडीपाशी रांग, हातात गरम कागदी पिशवी, बोटांना साखर. घाई करून चावलो आणि आतला जॅम उकळता. जीभ अजून हुळहुळतेय, तरी शुक्रवारी पुन्हा रांगेत होतो. रिचमंडला व्हिएतनामी फो, म्हणजे नूडल्सचं सूप, खाल्ला तोही तसल्याच जिभेने.

चालणं मात्र मनसोक्त. बोटॅनिक गार्डनला वळसा घालणारा 'टॅन' नावाचा पायरस्ता 3.8 किलोमीटरचा, आपल्या पर्वतीसारखे रोजचे भिडू तिथेही आहेत. यारा नदी चहासारखी, इथली माणसंच म्हणतात की ती उलटी वाहते, गाळ वर आणि पाणी खाली. काल तिच्या काठाने यारा बेंड पार्कला गेलो. तिथे झाडांना वटवाघळं लटकलेली, कोल्ह्यासारख्या तोंडांची, हजारोंनी. आधी ती बोटॅनिक गार्डनात होती. झाडांची नासधूस करतात म्हणून 2003 साली मोठमोठे आवाज करून त्यांना हुसकावलं. अंधार पडता पडता सगळी उठली आणि आमच्या डोक्यावरून शहराकडे निघाली. चामडी छत्री झटकल्यासारखा आवाज. आम्ही दोघं पंधरा मिनिटं काही बोललो नाही, शुभासुद्धा.

थंडी मात्र लबाड आहे. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, चारला परत ऊन. स्वेटर कमरेला बांधूनच फिरतो.

तुझ्यासाठी काय आणू कळेना. बिअरच्या ग्लासाखालचे चार पुठ्ठे खिशात घातलेत, आजीबाईंच्या देखत. गुरुवारी पोचतो. शनिवारी तुझ्या गच्चीवर, चकली तू आण.

तुझा,
अन्या