अकराला चेकआउट, दोनला चेक-इन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्सोव्यात दिवसावर भाड्याने देतात असे तीन फ्लॅट मी साफ करते. जोगेश्वरीहून जाते. पाहुण्यांनी अकराला निघायचं आणि नव्यांनी दोनला यायचं, असा नियम. म्हणजे तीन तास झाले. पण लहान मूल असलेलं कुटुंब साडेअकराला बॅगा भरायला घेतं, आणि पुढच्यांची टॅक्सी दीडलाच वॉचमनपाशी उभी असते.

शिरल्या शिरल्या खिडक्या उघडते, चादरी-अभ्रे ओढून मशिनमध्ये टाकते, कमोडमध्ये क्लीनर ओतून ठेवते. समुद्र जवळ, त्यामुळे खरी डोकेदुखी वाळूची. गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, बाथरूमच्या जाळीत, सगळीकडे वाळू. ती कोरडीच झाडावी लागते, पाणी पडलं की फरशीवर नुसता लगदा. केसांचं तर विचारूच नका. बेसिनमध्ये एक राहिला तरी पाहुणे फोटो काढतात आणि मालकीणबाई तो फोटो मला पाठवतात.

गेल्या पावसाळ्यात घाईघाईत ॲसिडच्या क्लीनरवरच मी ब्लीच ओतलं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, हे मला औषधाच्या दुकानात गेल्यावर कळलं. डोळ्यांतून धारा, घसा सोललेला, खोकत जिन्यात येऊन बसले. बाईंना फोन केला तर म्हणतात, "मावशी, बाथरूम झालं ना पण?" तेव्हापासून एका बाथरूमला एकच बाटली, आणि ॲसिड मी घेतच नाही.

पावसाळ्यात चादरीही वाळत नाहीत. एका पलंगाला तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच जोड असले की ओलसर चादर इस्त्री फिरवून घालायला सांगतात. वास येतो तो येतोच. बोलणी मात्र मला.

चेक-इन चारला करा, एवढंच माझं म्हणणं आहे. पाहुण्यांच्या बिलात सफाईचे पैसे वेगळे लावता, तशी सफाईला वेळही वेगळी द्या. मालक म्हणतात, चार केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाईल. तिथेही मीच जाते साफ करायला. दोघांनीही चार केलं तर जाईल कुठे?

– एक सफाई कामगार, जोगेश्वरी (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)