दमटलेला बोर्ड

वेंगुर्ला,
श्रावण

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलवर कॅरम आला आणि रात्री जेवणानंतर डाव पडतो हे वाचून बरं वाटलं. पुस्तकाचं आणि त्या सिनेमाचं लिहिलंस, ते तू गणपतीला आलीस की ओटीवर बसून बोलू. कॅरमचं मात्र लगेच लिहिते. "हळू मारलं तर स्ट्रायकर मध्येच अडतो, जोरात मारलं तर सोंगटीमागोमाग पॉकेटात जातो" ही तुझी तक्रार आहे. यात हाताची चूक थोडी, बोर्डाची जास्त.

आधी वजनाचा हिशोब बघ. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असतो, सोंगटी ५ ते साडेपाच. समोरासमोर टक्कर झाली की सोंगटी सुसाट पुढे जाते, पण जड स्ट्रायकर थांबत नाही. त्याच्याकडे साधारण निम्मा वेग उरतो आणि तोही त्याच रेषेत पॉकेटाकडे चालू लागतो. पॉकेट ४.४५ सेंमीचं, स्ट्रायकर ४.१३ चा. तीनच मिलिमीटर मोकळे, तरी मेला नेमका जातो! सोंगटी जेमतेम पोचेल एवढाच जोर दिलास तर स्ट्रायकर पुष्कळ मागे थांबतो. पण बोर्ड दमट असला की तेवढा जोर पुरत नाही, म्हणून तू वाढवतेस, आणि मग एक मायनस, म्हणजे दंडाची एक सोंगटी परत बोर्डावर.

तेव्हा आधी बोर्ड बघा. तुम्ही तो भिंतीला तिरका टेकवून ठेवत असणार, सगळेच ठेवतात. पावसात खालची कड फरशीची ओल ओढते आणि प्लाय मधोमध बाक धरतो. कपाटावर सपाट ठेवा, जुन्या सुती चादरीत गुंडाळून. प्लास्टिक नको, आत गेलेली ओल आतच राहते. बाक आलाय का ते पाहायला पोलादी पट्टी कर्णावर उभी धर आणि मागून टॉर्च मार. पट्टीच्या मध्याखाली उजेड दिसला तर बोर्ड खोलावलाय, टोकांखाली दिसला तर फुगलाय. फार नसेल तर चालवून घ्या. उन्हात मात्र टाकू नका, एका बाजूने सुकला की आणखी वाकडा होतो.

मग उतार. पाणसळ कुठली असणार तुमच्याकडे! काचेची गोटी मध्यावर अलगद सोड. ती एका कोपऱ्याकडे, समजा खिडकीच्या बाजूच्या, गेली की बोर्ड पाव फेरा फिरव आणि पुन्हा सोड. गोटी अजून खिडकीच्याच दिशेने गेली तर दोष टेबलाचा, त्या बाजूला पुठ्ठ्याची घडी घाल. बोर्डाबरोबर तिनेही दिशा बदलली आणि त्याच पॉकेटाकडे गेली तर बोर्डच वाकडा.

पावडर बोरिकचीच हवी. अंगाला लावायची सुगंधी पावडर दमट हवेत लेपासारखी बसते. दोन चिमट्या पुरे, त्याही सुती फडक्याने गोल फिरवून पसरायच्या, तळव्याने नाही, तळव्याला घाम असतो. सोंगट्यांमागे पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या तर जास्त झाली, कोरड्या फडक्याने काढून टाक. ओलं फडकं बोर्डाला लावायचंच नाही. सोंगट्यांच्या कडेला काळा मळ धरतो, तोही कोरडाच पुसायचा. आणि पावडर फुंकू नका, नाकात जाते.

आता नेम. तू सोंगटीच्या मध्याकडे बघून मारत असशील. सरळ फटक्याला ते ठीक, कटला, म्हणजे तिरप्या फटक्याला, नाही. पॉकेटापासून सोंगटीच्या मध्यातून मागे एक रेघ मनात ओढ. टक्कर होते तेव्हा स्ट्रायकरचा मध्य त्या रेघेवर, सोंगटीच्या मध्यापासून साडेतीन-पावणेचार सेंमी मागे असायला हवा, म्हणजे दोघांच्या त्रिज्यांची बेरीज. नेम त्या रिकाम्या जागेवर धरायचा. चार दिवस फुकट जातील, मग बसेल.

रिबाउंडमध्येही, म्हणजे फ्रेमवर आपटून परत येणाऱ्या फटक्यात, हीच गल्लत होते. ज्या कोनात जाईल त्याच कोनात परत येईल हे तुला माहीत आहे, पण तू आरसा लाकडी फ्रेमवर धरतेस. स्ट्रायकरचा मध्य फ्रेमला पोचतच नाही, दोन सेंमी आधीच वळतो. फ्रेमच्या आत दोन सेंमीवर एक रेघ आहे असं समज आणि कोन तिथे मोज. दमट फ्रेमवर उसळी मंद येते, तेव्हा परतीसाठी थोडा जोर धरून ठेव.

बोटाचं एवढंच, की नख स्ट्रायकरला जवळजवळ टेकलेलं हवं. लांबून टिचकी मारली की "टक्" असा आवाज येतो, नख दुखतं आणि स्ट्रायकर तिरका सुटतो. कैची करून खेळतेस की सुट्या बोटाने, काही फरक पडत नाही.

पॉकेटाच्या तोंडावरची सोंगटी पहिल्यांदा घ्यायचा मोह आवर. ती कुठे पळत नाही, आणि तिथे आहे तोवर समोरच्याचं ते पॉकेट अडून राहतं. आधी अडचणीतल्या काढ, खास करून तुझ्या बेस लाइनच्या, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेघेच्या, मागे अडकलेली. तिला थंब, म्हणजे अंगठ्याने मागे मारायचा फटका, नाहीतर समोरून रिबाउंड.

राणीच्या तीन गुणांवरून तुमची भांडणं होतात म्हणालीस. नियम असा: तुझे गुण २१ पर्यंत असतील तरच ते ३ मिळतात. २२ झाले की राणी कव्हर करूनही, म्हणजे तिच्यामागोमाग आपली सोंगटी घेऊनही, गुण नाहीत. तरी घ्यायचीच, कारण बोर्ड, म्हणजे तो डाव, समोरच्याने जिंकला, राणीही त्याचीच असली आणि त्याचे गुण २१ पर्यंतच असले तर ते तीन त्याच्या खात्यात जातील. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, जे आधी होईल ते.

मोबाइलवर सामने बघतेस ना? चेन्नईच्या काझिमाने २०२४ साली अमेरिकेतल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं घेतली, तिचे सामने मिळाले तर बघ. सोंगटी कशी गेली ते सगळेच बघतात. तू स्ट्रायकर कुठे थांबला आणि पुढच्या सोंगटीकडे जायची वाट मोकळी राहिली का, ते बघत जा.

येताना बोरिकची एक छोटी डबी आण. इथली डबी पागोळ्यांकडच्या फळीवर राहिली आणि आता तिचा खडा झालाय. पडवीतल्या बोर्डाची एक जाळीही उसवलीय, ती तू येईपर्यंत शिवून ठेवते.

तुझी,
आई