भिंतीतून येणारा चेहरा आणि नव्याने केलेले भयपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाजलेल्या जुन्या भयपटाची नवी आवृत्ती आली की आपल्या वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल दोनच सुरांत लिहिले जाते. ‘जुन्याची सर नाही’ हा एक, आणि ‘तंत्र आता किती पुढे गेले आहे’ हा दुसरा. यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. नवा चित्रपट जुन्याच्या तोडीचा उतरला की नाही, हे दोन्ही शेजारी ठेवून, प्रसंगाला प्रसंग लावून तपासता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

एका भिंतीपासून सुरुवात करू. १९८४ च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये नायिका नॅन्सी झोपलेली असताना तिच्या डोक्याकडच्या भिंतीतून एक चेहरा आणि दोन हात पुढे येतात, तिच्यावर झुकतात आणि परत भिंतीत विरतात. यासाठी भिंतीचा तेवढा तुकडा काढून तिथे स्पॅन्डेक्सचे, म्हणजे रबरासारखे ताणले जाणारे कापड ताणून बसवले होते आणि मागून एक माणूस ते अंगाने रेटत होता. युक्ती एवढीच. पण ताणलेले कापड नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, बोटांच्या पेरांवर घट्ट बसते आणि मधल्या खळग्यांत सुटे राहते. उजेड त्या प्रत्येक चढउतारावर वेगळा पडतो. माणूस मागे सरला की कापड आपल्याच ताणाने सपाट होते, एक सुरकुती उरत नाही. डोळ्याला ती पुन्हा भिंत वाटते, आणि म्हणूनच मघाशी ती वाकली होती हे अंगावर येते.

२०१० च्या नव्या चित्रपटात हाच प्रसंग संगणकावर केला आहे. आकृती आधीपेक्षा बरीच जास्त बाहेर येते, पण ताण कुठून कुठे चालला आहे ते दिसत नाही. मागून रेटणाऱ्या अंगाला वजन नाही, त्यामुळे भिंत पातळ रबरासारखी हलते. भिंतच खरी वाटली नाही तर ती वाकण्याची भीती कोणाला वाटणार? इथे सगळा दोष संगणकावर ढकलणे सोपे आहे, पण चूक त्याच्या आधीच झाली आहे. हा प्रसंग लोकांच्या लक्षात होता म्हणून तो घेतला. तो लक्षात का राहिला, याचा शोध घेतला नाही.

गाण्यात आपण ‘जागा’ म्हणतो, तशी भयपटातही भीतीची एक जागा असते. ती कधी कल्पनेत असते, कधी दृश्याच्या मांडणीत, तर कधी प्रेक्षकापासून काय लपवले यात. नव्याने चित्रपट करणाऱ्याने ही जागा आधी हुडकली पाहिजे. कल्पनेतली भीती दुसऱ्या काळात, दुसऱ्या देशात नेता येते. विशिष्ट दृश्यातली भीती जशीच्या तशी उचलली की हमखास मरते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे ‘सायको’. १९६० चा हिचकॉक यांचा चित्रपट गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत केला. मूळ चित्रपटातला स्नानगृहातला खून ७८ वेगवेगळ्या कॅमेरा मांडण्यांतून चित्रित झाला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरले, कारण कृष्णधवल फिल्मवर त्याचा दाटपणा आणि काळेपणा नेमका उतरतो. सुरी शरीरात घुसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या एका फळात सुरी खुपसून घेतला. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी पार्श्वसंगीताला फक्त तंतुवाद्ये ठेवली. या सगळ्याचा परिणाम असा, की सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी ती पाहिल्याची खात्री प्रेक्षकाला असते. रंगीत आवृत्तीत रक्त लाल करावे लागले. ते लाल झाले की डोळा रक्ताकडे जातो, दृश्ये कापून जोडण्याच्या लयीकडे जात नाही. त्यातच खुनाच्या मध्ये ढगांची दृश्ये घातली, त्यामुळे जी लय उसनी घेतली होती तीही तुटली.

आणि ‘सायको’तली खरी जागा तर त्या सुरीतही नाही. चित्रपट निम्म्यावर यायच्या आत नायिका मरते आणि आता कोणाच्या मागे जायचे हे प्रेक्षकाला कळत नाही, तिथे ती आहे. यासाठीच हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा नियम चित्रपटगृहांना घालून दिला होता. १९९८ पर्यंत हे रहस्य जगाला ठाऊक झाले होते. तीच उलथापालथ घडवायची तर दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पात्राबाबत घडवायला हवी होती. ते झाले नाही. प्रयोग प्रामाणिक होता आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण भयपट म्हणून तो फसला.

उलट बाजूला ‘द थिंग’ ठेवा. जॉन कारपेंटर यांचा १९८२ चा हा चित्रपट आज अभिजात मानला जातो, पण तोही नव्याने केलेलाच आहे, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. १९५१ च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’मध्ये बर्फातून निघणारा परग्रहवासी म्हणजे वनस्पतीसारख्या देहाचा एक धिप्पाड माणूस होता. दाराशी उभा राहिला की ओळखू येईल असा. मुळात जॉन कॅम्पबेल यांच्या १९३८ च्या कथेत तो कोणाचेही हुबेहूब रूप घेतो. ही कल्पना जुन्या चित्रपटाने सोडून दिली होती. कारपेंटर यांनी ती परत आणली आणि भीतीची जागाच बदलली. आता दाराबाहेर कोण आहे यापेक्षा खोलीत शेजारी बसलेला कोण आहे, याची धास्ती. तापलेल्या तारेने प्रत्येकाच्या रक्ताची परीक्षा घेण्याचा प्रसंग पाहा. खुर्च्यांना बांधलेली माणसे, काचेच्या बशीतले रक्त आणि एक तार. राक्षस दिसण्याआधीच धाबे दणाणलेले असते.

मग राक्षस दिसतो, तेव्हा मात्र हातचे काही राखलेले नाही. डॉक्टर रुग्णाच्या छातीवर विजेचा धक्का द्यायला जातो, छाती उघडते आणि तिचा जबडा होऊन त्याचे दोन्ही हात तोडते, तो प्रसंग रॉब बॉटिन यांच्या चमूने असा केला: दोन्ही हात नसलेला एक माणूस शोधला, त्याला खोटे हात बसवले, त्या हातांत मेणाची हाडे, रबरी शिरा आणि जेली भरली. यांत्रिक जबडा मिटला, माणसाने अंग मागे ओढले आणि हात तुटले. चिकट ओलसरपणासाठी जेल, मेयोनीज, मक्याचा लगदा, वितळवलेले बबलगम असले पदार्थ वापरले. ओल्या पृष्ठभागावर दिव्याचा उजेड चमकतो आणि हालचालीबरोबर ती चमक सरकते. डोळा याच खुणेवरून वस्तू खरी मानतो. तोंडातून वाफ दिसावी म्हणून स्टुडिओतले सेटही थंड ठेवले होते.

२०११ मध्ये याच कथेच्या आधीचा भाग सांगणारा ‘द थिंग’ आला. त्यासाठीही यांत्रिक प्रतिकृती मेहनतीने तयार केल्या होत्या, चित्रीकरणात त्या कॅमेऱ्यासमोर होत्या. नंतर त्यातल्या बऱ्याच संगणकाच्या चित्रांनी झाकून टाकल्या. ज्यांनी त्या घडवल्या त्यांचे वाईट वाटते. पडद्यावर राक्षस वेगाने धावतो, पण पाय जमिनीवर टेकल्याचे जाणवत नाही, आणि खोलीतला उजेड एक सांगतो तर त्याच्या कातडीवरचा दुसरेच.

बाहुला खरा असेल तर समोरचा नटही वेगळा वागतो. आपल्याकडे ‘झपाटलेला’ आठवावा. बाहुल्यात गुन्हेगाराचा आत्मा शिरतो ही कल्पना अमेरिकेत १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये येऊन गेली होती, पण १९९३ चा तात्या विंचू इथला झाला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासमोर त्याच चौकटीत होता. नजर कुठे ठेवायची, अंग किती चोरायचे, हे त्यांना कल्पनेने ठरवावे लागले नाही. २०१९ च्या नव्या ‘चाइल्ड्स प्ले’ने आत्मा काढून टाकला आणि सुरक्षेचे निर्बंध काढलेली चिप बाहुल्यात घातली. घरातली सगळी उपकरणे त्याच्या ताब्यात जातात. चित्रपट मधूनच ढिला पडतो, तरी कल्पना बदलण्याची हिंमत योग्य दिशेची होती.

आणखी एक दोष वारंवार दिसतो, तो म्हणजे उगाच खुलासा करणे. १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये मुखवटाधारी खुन्याचा उल्लेख श्रेयनामावलीत ‘द शेप’ असा आहे, म्हणजे नुसती आकृती. बाजारात मिळणारा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा घेऊन त्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोके मोठी केली. त्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नाही, हीच त्यातली जागा. २००७ च्या आवृत्तीने त्याचे बालपण, घरातली भांडणे, शाळेतला छळ असे सगळे सविस्तर दाखवले. त्याची कीव येऊ लागते, आणि कीव आली की दाराआड उभी असलेली ती आकृती माणूस होते.

जपानी ‘रिंगू’ (१९९८) आणि अमेरिकी ‘द रिंग’ (२००२) या जोडीत मात्र निकाल सोपा नाही. शापित व्हिडिओ टेपमधून पडद्याबाहेर येणाऱ्या सादाको या मुलीच्या भुताची ती विचित्र चाल अभिनेत्रीला उलटे चालायला लावून आणि चित्रफीत उलटी फिरवून साधली. सरळ चालताना केस आणि कपडे अंगाच्या मागोमाग हलतात, इथे ते आधी हलतात. नेमके काय चुकते आहे हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण चुकते आहे एवढे कळते. अमेरिकी चित्रपटाने चालीची नक्कल करण्यावर न थांबता मुलीच्या अंगावर व्हिडिओ टेपची खरखर आणि थरथर दिली. ती पडद्याबाहेर आली तरी टेपच आहे, हा विचार मला अस्सल वाटतो. तिथे संगणक कामाला आला, कारण त्याला नेमके काम दिले होते.

मराठीपुरते बोलायचे तर ‘लपाछपी’ (२०१७) आणि तिची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ (२०२१) यांचा विचार व्हायला हवा. दोन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरिया. गरोदर स्त्री, उसाच्या फडातले एकटे घर, आणि त्या घराने दडवलेली मुलींच्या हत्येची गोष्ट. उभ्या उसात शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचे दिसत नाही, पाते अंगाला कापते आणि सळसळ वाऱ्याची की कोणाच्या चालण्याची, हे कळत नाही. या फडाला कोणत्याही नेपथ्याची गरज नाही. पण नावात फरक पडला. ‘लपाछपी’ हे फक्त खेळाचे नाव आहे, गोष्ट कशाबद्दल आहे हे ते सांगत नाही. ‘छोरी’ म्हटले की भित्तिपत्रकावरच अर्धे गुपित फुटते. शिवाय ‘छोरी’ थेट ओटीटीवर आली. फडाची सळसळ चारी बाजूंनी ऐकण्याची गोष्ट आहे, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ती नुसती खरखर होते. हिंदी आवृत्ती पाहणाऱ्यांनी निदान चांगले हेडफोन लावावेत.

ताडून पाहायची रीत अशी. दोन्ही चित्रपटांतला एकच प्रसंग निवडा आणि आधी आवाज बंद करून पाहा. भीती टिकली तर ती दृश्यात आहे, संपली तर नुसत्या दणक्यात होती. मग आवाज लावून, धोक्याची पहिली खूण दिसल्यापासून धक्का बसेपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळावर मोजा. शेवटी दृश्य थांबवून भीतीदायक वस्तूवरची सावली आणि शेजारच्या माणसावरची सावली एकाच दिशेला आहे का ते पाहा.

ज्यांना एकच जोडी पाहायची आहे त्यांनी ‘द फ्लाय’ पाहावा, १९५८ चा आणि १९८६ चा. पहिल्यात अपघाताने माणसाचे आणि माशीचे डोके बदलते, एका क्षणात. दुसऱ्यात डेव्हिड क्रोननबर्ग यांनी तो क्षण काढून आठवड्यांवर पसरवला: पाठीवर राठ केस उगवतात, मग नखे सुटतात, कान गळतो, दात पडतात, आणि तो माणूस गळलेले अवयव स्नानगृहातल्या कपाटात जपून ठेवतो. ख्रिस वॉलस यांच्या चमूने आधी अखेरचा प्राणी घडवला आणि मग मागे मागे येत प्रत्येक टप्पा ठरवला, म्हणून पहिल्या केसापासून शेवटापर्यंत साखळी कुठे तुटत नाही. या कामाला रंगभूषेचे ऑस्करही मिळाले. आधीच्या चित्रपटात कोळ्याच्या जाळ्यात अडकून ओरडणारी, माणसाच्या डोक्याची ती इवलीशी माशी विसरता येत नाही, हे खरेच. पण आरशासमोर उभे राहून स्वतःचे नख हातात येताना पाहणारा माणूस पाहिला की आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या कोणाच्याही पोटात कालवते. नवा चित्रपट इथे जुन्याच्या पुढे गेला, यात मला शंका नाही.

आपल्या परीक्षकांना एक विनंती. जुन्यावर बेतलेल्या भयपटाचे परीक्षण छापताना मूळ चित्रपट कोणत्या वर्षीचा, त्यातला कोणता प्रसंग ठेवला आणि कोणता बदलला, एवढ्या तीन ओळी तरी असाव्यात. ‘व्हीएफएक्स (संगणकी दृश्यपरिणाम) दमदार’ एवढ्या शेऱ्यापेक्षा त्या वाचकाच्या जास्त उपयोगी पडतील.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, पुणे