माईच्या ऑपरेशनबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, पिशवीच काढून टाकू, दर महिन्याची कटकट मिटेल." माईच्या पाळीचे दिवस तू कसे काढतेस, हे मी पाहिलंय. अर्ध्या रात्री चादरी धुतेस, सकाळी पुन्हा स्वयंपाकाला उभी. तरीही, माझी बहीण मतिमंद आहे म्हणून तिचं हे ऑपरेशन करू नका, हात जोडून सांगते.

बाबा, १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या ससूनमध्ये काढल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. कारण हेच दिलं होतं: स्वच्छता त्यांना जमत नाही. खूप निषेध झाला, तेव्हा ते थांबलं. आई, तुझ्या मनात दुसरीही भीती आहे, कुणी काही वेडंवाकडं केलं तर? पिशवी काढल्याने असा माणूस थांबत नाही गं. दिवस जात नाहीत, एवढंच. आणि मग झालेलं कुणाला कळतही नाही.

चंदीगडच्या सरकारी आश्रमातल्या एका मतिमंद मुलीला अत्याचारातून दिवस गेले होते. हायकोर्टाने गर्भपाताचा हुकूम दिला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो थांबवला, कारण तिला मूल हवं होतं. गर्भपाताचा हक्क बाईला हवाच, या मताची मी आहे, म्हणूनच मला हा निकाल पटतो. तिच्यावर मूल लादायचं नाही, तसं तिला न विचारता पाडायचंही नाही. मग माईलाच तेवढं विचारायचं नाही, हे कसं? अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही सांगतो, की मूल होणं कायमचं बंद करणारा उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

तिला काही समजत नाही, असं म्हणू नका. मी मे महिन्यात बाहुलीला चड्डी घालून पॅड लावायला शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी तिने स्वतः लावून दाखवलं. मागचा कागद सोलायला विसरते, तेवढं आठवण करून द्यावं लागतं. कालनिर्णयवर लाल टिकली तीच लावते.

तुमच्यानंतर ती माझ्याकडे राहील, त्याचा घोर नको. पाळीच्या दिवसांत मदतीला बाई ठेवा, पगार मी पाठवते. मी पंधरवड्यात येतेय. डॉक्टरांना तारीख देऊ नका, आपण माईला घेऊन दुसऱ्या बाई डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची,
सुमी