विरजणाची माती

कुंभार वेशीतल्या मामांना,

सा. न. वि. वि.

"आभार कसले ओ, मातीच तर दिली की," असंच म्हणाल तुम्ही. म्हणा. पण त्याआधी आपल्या काळ्या मातीची भांडी जमावीत म्हणून किती दारं वाजवली होती, ते तुमच्या कानावर घातलंच नव्हतं. मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओनं सोलापूरची माती न बघताच नापास केली आणि स्वतःची पोती विकायला काढली. शिबिराची घसघशीत फी घेणाऱ्या दुसऱ्या एकांनी सांगितलं, काळी माती खुशाल १२०० अंशांवर भाजा. लोखंड आणि चुना दोन्ही भरपूर असलेली माती त्या तापाला उभी राहत नाही. भांडं वितळून भट्टीतल्या फळीला चिकटतं. चिकटलं. फळी अजून खरवडणं चालू आहे.

तुम्ही फक्त विचारलंत, "खडे काढले का?"

सगळं दुखणं तिथंच होतं. काळ्या मातीतले ते बारके पांढरे चुनखडे ८०० अंशांच्या पुढे भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून ठणठणीत निघतं. मग चुना हवेतली ओल पिऊन फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांनी माठाच्या पोटावरून नखाएवढी टिकली उडते, मधे पांढरा ठिपका. दोष मात्र चाकावरच्या हाताला! मातीवर लिंबू पिळलं आणि फसफसलं, की चुना आहे हे कळतं, खर्च काहीच नाही. माती उन्हात खडखडीत वाळवायची, कुटायची, मगच भिजवायची. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच राहतं, वाळलेलं आपोआप सुटतं. मग आधी ४० नंबरची चाळणी, नंतर त्याहून बारीक ६० ची. जे पीठ खाली उतरतं, त्यातला चुना फारसा त्रास देत नाही. तरी शंका असली तर भांडी भट्टीतून काढल्यावर कोमट असतानाच पाण्यात बुडवून ठेवायची. हे कुठल्याच शिबिरात ऐकलं नव्हतं.

आकसण्याचंही तसंच. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, तसाच निव्वळ काळ्या मातीचा माठही. म्हणून तिच्यात मिसळायचं: तळ्याचा गाळ, थोडी वाळूची माती, चाळलेली राख आणि लीद. या मिश्रणाच्या ओल्या वडीवर १० सेंटीमीटरची रेघ ओढायची. वाळल्यावर ती ९.२ च्या खाली आली तर राख वाढवायची. लीद ओल्या मातीला धागा देते, भट्टीत जळून बारीक भोकं ठेवते, त्यातूनच पाणी पाझरतं आणि माठ गार राहतो. लीद म्हटल्यावर नाक मुरडणारे माठातलं पाणी मात्र मागून पितात, ते जाऊ द्या.

पण हे पत्र त्या चाळण्यांसाठी नाही.

ऐन सुगडांची घाई. अंगणभर सुगडं वाळत घातलेली, तुमच्या हाताला उसंत नाही. निघताना तुम्ही उठलात, मुरवलेल्या मातीतून नारळाएवढा गोळा तोडलात, ओल्या गोणपाटात गुंडाळलात आणि म्हणालात, "याचं विरजण लावा."

नवी माती बोटाला गुंडाळायला गेलं की वळणावर चिरते. पेन्सिलीएवढी वळी करून बघितली की लगेच समजतं. मुरलेल्या मातीत पाणी कणाकणांत शिरलेलं असतं, जिवाणूंनी आंबवून तिला लोण्यासारखी केलेली असते. तो गोळा पाण्यात कालवून नव्या मातीत मिसळला, पिंपावर ओलं पोतं टाकलं. दोन आठवड्यांत वळी न चिरता बोटाभोवती दोन वेढे बसली. पोत्यातली विकतची माती कुणीही देईल, पैसे मोजले की झालं. मुरवलेली माती कुणी देत नाही, मामा. मागायचंही धाडस होत नाही. तुम्ही न मागता दिलीत.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सम्मती कट्ट्यावर त्याच्या योगदंडाशी लागणाऱ्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या अक्षता टाकायला अख्खं सोलापूर लोटतं. त्यातलीच माणसं वेशीत येऊन सुगडाचे दोन रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालतात. तुम्ही हसून देऊनही टाकता.

गोणपाट धुऊन वाळवलंय. रिकामं परत द्यायची आपल्यात रीत नाही, म्हणून पिंपातला एक गोळा बांधून आणतो. दाबून बघा. कच्चा वाटला तर शिव्या घाला, पण राख किती कमी पडली तेवढं सांगा.

तुमचे,
काळ्या मातीला नावं ठेवून दमलेले